कंकणाचे पंचवीस यार्ड

रविवारी दुपारी चार वाजता कडेगावजवळच्या माळावर तीनशे माणसं उन्हात उभी होती आणि सगळ्यांच्या माना एकदम पूर्वेकडे वळल्या. ठेकेदार जयराजने हाणलेला गोल्फचा पांढरा चेंडू दिसेनासा झाला होता. लांब मोजणीला उभ्या असलेल्या माणसाने फोनवर आकडा सांगितला, तो लाउडस्पीकरवर गेला. एकशे अठ्ठ्याण्णव यार्ड. हाच जयराज सकाळी नऊ वाजता याच जागेवरून, याच काठीने, एकशे बाहत्तरवर थकला होता. मधल्या सात तासांत त्याच्या अंगात काय बदललं होतं? मनगटावर एक पिवळं कंकण आलं होतं, एवढंच.

‘आयला, सव्वीस यार्ड,’ माझ्यामागचा एकजण म्हणाला. ‘नुसत्या कड्यानं?’

‘कडं नगो म्हणूस रं. कंकण म्हण. महाराज ऐकत्यात.’

महाराज मंचावर गादीवर बसले होते. अंगात भगवा टी-शर्ट, डोक्यावर गोल्फची टोपी, गळ्यात माईक. ‘भक्तहो, चेंडू हाताने जात नसतो. नाभीतून ऊर्जा उठते, कमरेला वळसा घालते, खांद्यावर येऊन क्वांटम होते आणि कंकणातून बाहेर पडते. परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे परवा कळलं. आपल्याकडे हे पाळण्यात कळत होतं.’

खांद्यावर येऊन ऊर्जा क्वांटम होते म्हणजे नक्की काय होते, हे विचारायची मला फार इच्छा झाली. विचारलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी असंच एकदा विचारलं होतं आणि चांगली फजिती करून घेतली होती.

मी ब्राह्मी पाटील. मूळची आष्ट्याची, इथल्या ज्युनिअर कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते. एके काळी भालाफेकीत राज्यपातळीवर खेळले. एखादी वस्तू लांब का जाते, एवढ्या एका विषयात मला थोडंफार कळतं.

आमच्या भागात गोल्फ कुठून आला, असं बाहेरचे लोक हसून विचारतात. तो गलाईवाल्यांबरोबर आला. इथली माणसं सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. लालासाहेब त्यातलेच. तीस वर्षं त्यांनी कोइमतूरला सोनं गाळलं, तिथल्या सराफांच्या संगतीने गोल्फ शिकले, आणि परत आल्यावर आपल्या माळावर चेंडू मारायचं मैदान केलं. एका टोकाला उभं राहायचं, समोर यार्डांच्या पाट्या, आणि हाणायचं. डॉक्टर, ठेकेदार, सुट्टीला आलेले फौजी असे सगळे येऊ लागले.

तिथे चेंडू वेचायच्या कामाला अपेक्षा यायची. धनगरवाड्यातली, बारावीतली माझी विद्यार्थिनी. एकदा कुणी बघत नाही असं समजून तिने एक चेंडू मारला. मी बघत होते. दीडशे यार्ड, आणि तेही कुणी काही शिकवलेलं नसताना.

आठ महिने मी तिच्यावर मेहनत घेतली. सगळे नवखे मारतात तशी ती नुसत्या हातांनी मारायची. मी तिला सांगितलं, जोर जमिनीतून येतो. आधी पाय जमीन दाबतात, मग कंबर वळते, मग छाती, मग हात, आणि काठी सगळ्यांत शेवटी. हा क्रम चुकला की पैलवानाचाही चेंडू शंभर यार्डांत बसतो. वाळू भरलेला फुटबॉल कंबर वळवून भिंतीवर फेकायचा, खांद्यावर पोतं घेऊन बैठका काढायच्या, ट्रॅक्टरच्या ट्यूबची पट्टी खांबाला बांधून ओढायची. रोज सकाळी सहा ते साडेसात. दर शनिवारी सकाळी दहा चेंडू मारून सरासरी काढायची. दीडशेची दोनशे चौदा झाली.

मे महिन्यात पुण्याच्या एका अकादमीत मुलींची निवड होती. दहा चेंडूंची सरासरी दोनशे दहा आली तर राहणं, जेवण, पुढचं शिक्षण सगळं तिथेच. इकडे अपेक्षाचे वडील नानासो स्थळं बघायला लागले होते. ‘पुण्याला लागली तर मी आडवा येणार न्हाई मॅडम,’ ते मला म्हणाले होते, ‘न्हाई लागली तर मला थांबवू नगा.’ दोनशे दहा यार्डांवर त्या मुलीचं सगळं पुढचं आयुष्य अडलं होतं.

आणि मार्चमध्ये हे महाराज उगवले.

पहिल्याच सभेत मी उठून विचारलं, ‘ऊर्जा कंकणातून बाहेर पडते, तर ती मोजायची कशी?’

‘या ना बाई, मोजून दाखवतो.’ त्यांनी मला पाय जुळवून उभं केलं, उजवा हात बाजूला आडवा धरायला लावला आणि मनगटावर दोन बोटं दाबली. मी कलंडले. मग माझ्या हातात कंकण चढवलं आणि पुन्हा दाबलं. या वेळी मी तसूभर हलले नाही. महाराज माझ्या हाताला जवळजवळ लोंबकळले, तरी नाही. लोक पोट धरून हसले. ‘बघितला बाईंचा व्यायाम? नुसतं शरीर कमावलं, आत काही नाही.’ हसणाऱ्यांत अपेक्षाही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती आली नाही. मी तिच्या घरी गेले.

‘मॅडम, महाराज म्हणत्यात, व्यायामानं शक्ती स्नायूत अडकून बसती. एक्केचाळीस दिस काय बी करायचं न्हाई. दूध प्यायचं आन कंकण घालायचं.’

‘आणि निवडीचं काय?’

‘आवं, काल चार वाजता मी दोनशे पस्तीस मारला. तुमी आठ महिन्यांत न्हाई नेलं तितं त्यांनी एका दिसात नेलं.’

आकडा खरा होता. मी स्वतः जाऊन टेपने मोजला होता.

खरं सांगते, त्या दिवसांत मला लोकांचं प्रबोधन वगैरे काही सुचत नव्हतं. मला सूड हवा होता. वर्गात हजेरी घेताना, भाकरी थापताना माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस आडवा पडलेला दिसायचा. आधी ते मनगट दाबण्याचं कोडं सोडवलं. अकरावीच्या पोरांना जोडीजोडीने उभं करून मी आठवडाभर एकमेकांचे हात दाबायला लावले. चौथ्या दिवशी उलगडा झाला. पाय जुळवून उभ्या माणसाच्या मनगटावर दाबताना जोर जरासा बाहेर, अंगापासून लांब दिला, की कितीही मोठा गडी कलंडतो. तोच जोर आत, त्याच्या पायांच्या दिशेने दिला, की तो खांबासारखा उभा राहतो. बघणाऱ्याला दोन्ही वेळा बोटं सारखीच दिसतात. कंकण घाला नाहीतर दोरा बांधा, काही फरक पडत नाही.

पण कंकणाने वाढणाऱ्या पंचवीसेक यार्डांचं काय? तिथे माझी मती कुंठित झाली होती. अपेक्षाला परत बोलवायला मी एकदा दुपारी साडेतीनला धनगरवाड्यात गेले. ती घरात नव्हती. तिची आजी दगडाबाई अंगणात सुपाने हुलगे उफणत होती.

‘आजी, एवढ्या उन्हात कशाला? सकाळी उफणायचे.’

‘सकाळच्याला वारं कुटलं गं बाई? भूस समदं आपल्याच डोसक्यावर पडतंय. तीनच्या फुडं मावळतीचं वारं सुटतंय. आता बघ.’

तिने सूप हलवलं. हुलगे तिच्या पायाशी पडले आणि भूस पूर्वेच्या बांधापर्यंत उडत गेलं.

मी तिथेच बसले. समोरच्या डोंगरावर पन्नास पवनचक्क्या गरागरा फिरत होत्या. सकाळी कॉलेजला जाताना त्याच चक्क्या मला मेल्यासारख्या उभ्या दिसायच्या. आम्ही सगळे जन्मभर त्या वाऱ्यात राहतो, म्हणून तो आमच्या हिशेबातच नव्हता. महाराज पहिला चेंडू मारायला लावायचे सकाळी नऊला, तेव्हा वारा नाही आणि वर डोळ्यांत ऊन. मग कंकण तांब्याच्या परातीत ‘पिकत’ ठेवायचे दुपारभर. दुसरा चेंडू चारला, पूर्वेकडे तोंड करून, वारा पाठीशी घेऊन. अपेक्षाला तर ते सकाळी मारूच देत नव्हते.

मी एकटी बोलले असते तर लोक पुन्हा हसले असते. म्हणून लालासाहेबांकडे गेले. त्यांच्या हातात दोन कंकणं होती.

‘लालासाहेब, तुमचा सख्खा भाऊ सोनं घेऊन आला तर काय करता?’

‘गाळून बघतो. आमच्या धंद्यात तोंडाकडं बघत न्हाईत मॅडम. मुशीत टाकायचं, जाळ द्यायचा, खरं काय ते वर येतंय.’

‘ही कंकणं गाळून बघितली?’

त्यांनी एक कंकण बोटाने मनगटावर फिरवून बघितलं. ‘न्हाई,’ ते म्हणाले. ‘देवाची वस्तू म्हणून हात झाला न्हाई.’

‘मग तुमच्याच रीतीने बघू या.’

पुढच्या रविवारी बारा खेळाडू आले, त्यांत अपेक्षाही होती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर चंदनबाला शेटे यांनी पडद्याआड सहाजणांना महाराजांची कंकणं घातली आणि सहाजणांना विट्याच्या बांगडीवाल्याकडची पितळी कडी. वरून सगळ्यांना सारखी बँडेजपट्टी गुंडाळली. घालताना डोळे बांधले होते, म्हणून कुणाला काय घातलं हे खेळाडूंनाही कळलं नाही. यादी डॉक्टरांच्या पर्समध्ये. महाराज कुरकुरले, पण मंचावर मैदानाचा मालक बसलेला, नाही कसं म्हणणार?

त्या दिवशी सकाळी नऊला बाराही जणांचे, या वेळी अपेक्षाचेही, आकडे घेतले होते. चार वाजता बाराही जणांनी पूर्वेकडे मारले. बाराही जणांचे वीस ते सत्तावीस यार्ड वाढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, महाराजांनी हात जोडले. मग डॉक्टरांनी यादी वाचली. सगळ्यांत जास्त वाढ जयराजची होती आणि त्याच्या पट्टीखालून बांगडीवाल्याचं कडं निघालं.

टाळ्या थांबल्या.

‘आता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चला,’ मी म्हणाले. ‘तीच माणसं, तीच काठी. फक्त तोंड मावळतीकडे.’

या वेळी सगळ्यांच्या हातात उघडी, अस्सल, महाराजांची कंकणं घातली. जयराज एकशे चव्वेचाळीस. सुट्टीवरचा एक फौजी एकशे साठ. अपेक्षाने सगळा जीव एकवटून मारला आणि चेंडू वर चढून जागच्या जागी उतरल्यासारखा पडला. एकशे अठ्ठ्याहत्तर. ती काठीकडे बघत राहिली.

‘पश्चिम दिशा वर्ज्य आहे,’ महाराज माईकवर म्हणाले. ‘ऊर्जा उलटी फिरते.’

‘ऊर्जा न्हाई, वारं हाय ते,’ लालासाहेब म्हणाले. ‘आन सकाळी तुमी आमास्नी वाऱ्याबिगर मारायला लावत हुता.’

मग मी मंचावर चढले. यासाठीच आले होते. ‘महाराज, हवी तेवढी कंकणं घाला आणि पाय जुळवून उभे राहा.’ त्यांनी नाही म्हणायच्या आत लोकांनीच त्यांना उभं केलं. त्यांनी चार घातली. मी दोन बोटं टेकवली आणि बाहेरच्या बाजूला दाबलं. महाराज लाउडस्पीकरवर आदळले, टोपी घरंगळत गेली. मग चारही कंकणं काढून मी त्यांच्या मनगटात माझ्या केसांचं रबर अडकवलं आणि आतल्या बाजूला दाबलं. अगदी ताठ उभे राहिले. सगळ्यांना कळलं होतं, तिसऱ्यांदा दाबायची काही गरज नव्हती. तरी मी दाबलं, बाहेरच्या बाजूला, आणि जरा जास्तच. मला फार बरं वाटलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

नंतर मी पोरांना एकमेकांचे हात दाबायला लावून युक्ती उघड केली. लालासाहेबांनी घरी जाऊन स्वतःची दोन्ही कंकणं गाळली. पंचधातूची म्हणून महाराजांनी विकलेली ती कंकणं निव्वळ पितळ निघाली. पोलिसांत तक्रारही त्यांच्याच सहीने गेली.

गोष्ट इथे संपली असती तर मीही मोठ्या मनाने महाराजांना विसरले असते. पण निवडीला बारा दिवस उरले होते आणि अपेक्षाच्या पायांतून, कमरेतून जवळजवळ सहा आठवड्यांचा व्यायाम निघून गेला होता. बारा दिवस आम्ही दोन्ही वेळा मैदानावर होतो. ती एकदाही कंटाळली नाही. पुण्याच्या मैदानावर सकाळी वाऱ्याचं नाव नव्हतं. दहा चेंडूंची सरासरी दोनशे सहा आली.

परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. कऱ्हाड गेल्यावर म्हणाली, ‘मॅडम, मी सोडलं नसतं तर झालं असतं का वो?’

मी खोटं बोलू शकले असते. ‘झालं असतं,’ मी म्हणाले.

नानासोंनी एक वर्ष दिलं आहे. ‘एकच,’ ते म्हणाले. ‘मी बी महाराजांच्या सभंत टाळ्या वाजवल्या हुत्या, म्हणून.’ सकाळी सहाला वाळूचा फुटबॉल पुन्हा भिंतीवर आपटतो आहे.

जामिनावर सुटलेले महाराज आता दुसऱ्या जिल्ह्यात आहेत असं ऐकते. तिकडे कदाचित कंकणाचा ताईत झाला असेल. तुमच्याकडे आले तर त्यांना मारू नका. फक्त विचारा, पहिला आकडा किती वाजता घेतला आणि दुसरा किती वाजता? तोंड कुणीकडे होतं? खरं कुणाकडे आणि खोटं कुणाकडे हे न सांगता पुन्हा करून दाखवाल का? अंगात बळ हवं असेल तर ते पाय, कंबर आणि रोजची सकाळ यांतूनच येतं, आणि त्याला महिने लागतात. जो एका दिवसात देतो म्हणतो, तो तुमच्याकडून काहीतरी नेतो आहे.

‘झालं गेलं सोडा मॅडम, माणूस आहे, माफ करा,’ असं सांगायला अजून लोक येतात. मी त्यांना अपेक्षाच्या घरचा रस्ता दाखवते आणि म्हणते, तिचे चार यार्ड तिला देऊन या, मग माझ्याशी बोला.