टोपीतलं सुईचं टोक

अहो, खाली बघा, खाली! शिलाई मशीनच्या पायाला सुतळीने बांधलाय ना, मधे भोक असलेला काळा गोल, तो मी. लोहचुंबक बोलतोय!

माझा जन्म एका स्पीकरच्या पोटात झाला. स्पीकर भंगारात गेला आणि शिवणकाम करणाऱ्या, या घरच्या सासूबाईंनी मला उचलून घरी आणलं. काम काय, तर जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायच्या. कात्रीचा तोरा बघून मला फार वाईट वाटायचं. ती कापते, सुई शिवते, इस्त्री घडी बसवते. देवाने मला मात्र एकच कला दिली, लोखंड दिसलं की बिलगायचं! एवढ्याशा गुणाने कोणाचं काय भलं होणार?

मग ती सकाळ उजाडली. सासूबाई आणि सूनबाई दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांसाठी दुपदरी टोप्या शिवत होत्या, त्याही फुकट. चोवीस टोप्या तयार, दारात नर्सताई पिशवी घेऊन उभ्या. आणि सूनबाईचा चेहरा पांढराफटक!

"आई, मघाशी सुई तुटली. घाईत मी नवी लावली आणि शिवत सुटले. तिचं टोक सापडत नाहीये."

"अगंबाई! कुठल्या टोपीत?"

"तेच तर कळत नाहीये."

नर्सताई काकुळतीला आल्या. "बाळं गारठलीत हो. दोघं तर आजच जन्मलीत."

"म्हणूनच एकही टोपी जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या. बोटांनी चाचपून झालं, उजेडात धरून झालं, टोक काही हाती लागेना. मी खालून जिवाच्या आकांताने ओरडत होतो, मला घ्या, मला घ्या! पण ऐकतंय कोण?

शेवटी सूनबाईचीच नजर माझ्यावर पडली. तिने सुतळी सोडली आणि एकेका टोपीवरून मला फिरवलं. पहिली, काही नाही. दहावी, काही नाही. माझी धडधड विचारू नका! सतराव्या टोपीच्या काठाशी काहीतरी जाणवलं आणि मी कापडासकट त्याला घट्ट धरलं. शिवण उसवली, तर आत टोक! तुटक्या सुईला जोडून बघितलं, तंतोतंत जुळलं.

"तू बोललीस म्हणून गं, नाहीतर..." सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुनेला जवळ घेतलं. मी दोघींच्या मधे चेपलो, पण काय सांगू, इतका आनंद मला कधीच झाला नव्हता!

तेव्हापासून शिवलेली प्रत्येक टोपी आधी माझ्याखालून जाते. टाचण्याही मीच गोळा करतो, पण आता ऐटीत! फक्त एक विनंती आहे. मला आपटू नका हो. आपटलं की आमची शक्ती कमी होते, आणि बाळं तर रोज जन्मतायत.