चवीपुरतं मीठ

पंचाक्षरी अण्णांनी पस्तीस वर्षं मार्केट यार्डात गूळ तोलला. त्यांच्या काट्यावरून उतरलेल्या गुळाच्या रव्याचं, म्हणजे ढेपेचं, वजन पुन्हा करून बघायची कुणाची छाती नव्हती. अशा माणसाला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी एका कागदावर 'मीठ – चवीपुरते' असं वाचायला मिळालं आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"चवीपुरतं म्हंजे किती, मॅडम?" त्यांनी उभं राहून विचारलं. "काय माप-बिप हाय का न्हाई?"

"ते हाताला कळतं, अण्णा," आदिती मॅडम म्हणाल्या. त्या अण्णांच्या मुलीच्याच वयाच्या होत्या.

"हाताला कळत असतं तर हितं कशाला आलो असतो?"

वर्गात हशा पिकला. वर्ग म्हणजे मुलींच्या कॉलेजातली गृहशास्त्राची प्रयोगशाळा. साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. मे महिन्यात मुली सुट्टीवर, इमारत ओस, म्हणून कॉलेजानं मोठ्या माणसांसाठी उन्हाळी वर्ग काढले होते. शिवण होतं, इंग्रजी बोलणं होतं, कॉम्प्युटर होता आणि यंदा पहिल्यांदाच 'पुरुषांसाठी स्वयंपाक' होता. कोल्हापुरात असल्या वर्गाला अकरा पुरुष मिळाले हेच नवल. त्यातले निम्मे तोंड चुकवत मागच्या फाटकानं यायचे. बाहुबली नावाचे बँकेतले एक साहेब तर घरी 'कॉम्प्युटरला जातो' म्हणून सांगून आले होते, आणि 'कॉम्प्युटर शिकून हाताला लसणाचा वास कसा येतो' म्हणून बायकोनं त्यांना चांगलंच धारेवर धरलं होतं. अण्णांना लपवाछपवी करायचं कारण नव्हतं. घरी विचारणारं कुणी उरलंच नव्हतं.

अण्णांच्या पत्नी चन्नम्मा, म्हणजे लेकीची अव्वा, दिवाळीनंतर गेल्या. त्या होत्या तोवर गॅस कुठल्या बाजूला पिरगाळायचा हेसुद्धा अण्णांना ठाऊक नव्हतं, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. चन्नम्मा गेल्यावर हुपरीला दिलेली लेक शिवांजली दर सोमवारी आणि गुरुवारी अकराच्या एसटीनं डबा घेऊन येऊ लागली. भाकरी, आमटी, भाज्या फ्रिजमध्ये लावायची, दोन घास अण्णांबरोबर खायची आणि चारच्या गाडीनं परत. तिच्याकडं घराची एक किल्ली होती. बाराच्या सुमारास ती किल्ली दाराच्या कुलपात फिरली की अण्णांच्या जिवात जीव यायचा. बाकीच्या दिवशी ते बोलायचे ते दूधवाल्याशी, तेही 'अर्धा लिटर' एवढंच.

एप्रिलात एका गुरुवारी शिवांजली स्टँडवर चक्कर येऊन पडली. डबा सांडला, कपाळाला खोक पडली. तिच्या सासरी पैंजणांचं काम चालायचं. घुंगरं जोडायला घरातल्या सगळ्या बायका बसायच्या, आणि कोल्हापूरला यायच्या दिवशीचा आपला वाटा ती पहाटे चारला उठून संपवायची. हे अण्णांना त्या दिवशी जावयाकडून कळलं. त्यांना फार लाज वाटली. एका म्हाताऱ्याच्या पोटासाठी पोरीनं एवढं मरमर मरायचं? दुसऱ्याच दिवशी फिरायला जाताना कॉलेजच्या फाटकावरचा फलक दिसला आणि त्यांनी आत जाऊन नाव घातलं.

शिकायला बसले तसे झपाटून शिकले. मॅडमनी सांगितलेलं सगळं वहीत उतरवलं, अगदी 'मीठ जास्त झाल्यास सोललेला बटाटा सोडावा' इथपर्यंत. मॅडमच्या कागदांवर सगळी प्रमाणं चार माणसांची असायची. "एकट्यासाठी करायचं तर?" असं अण्णांनी एकदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, "चारानं भागायचं." अण्णांनी पाव मिरची कशी चिरायची याचा बराच वेळ विचार केला.

तिसऱ्या आठवड्यात त्यांची पहिली भाकरी फुगली. साऱ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाहुबली साहेबांनी तर शिट्टी मारली. आणि तव्यावरच्या त्या टम्म भाकरीकडं बघता बघता अण्णांना भलताच प्रश्न पडला. आपल्याला रांधता आलं, की मग शिवांजली कशाला येईल?

इतकी साधी गोष्ट त्यांच्या आधी ध्यानात कशी आली नाही, कोण जाणे. पस्तीस वर्षं दोन पारड्यांचा काटा सांभाळलेला माणूस, आणि दुसऱ्या पारड्यात काय ठेवलंय ते बघायलाच विसरला.

तीस मेला वर्ग संपला. प्रशस्तिपत्रक देताना मॅडम म्हणाल्या, "आता घरच्या माणसाला एकदा पोटभर जेवू घाला." अण्णांनी शिवांजलीला फोन केला. "सैपाकाचा वर्ग संपला माझा. सोमवारी ये, खरं डबा आणू नको. मी करतोय."

आणि फोन ठेवता ठेवताच त्यांनी मनाशी ठरवलं की आमटी खारट करायची. एका घासात पोरीचं तोंड वाकडं झालं पाहिजे. मग ती म्हणेल, 'ऱ्हाऊ दे अण्णा, तुम्हाला न्हाई जमायचं, मीच आणतो.' हे पाप आहे हे त्यांना कळत होतं. पण कळत असूनही त्यांनी तो बेत दोन दिवस पोटाशी धरून ठेवला.

सोमवारी बाराला कुलपात किल्ली फिरली. "काय करालाईसा बघू तरी," म्हणत शिवांजली आत आली.

"बस तिकडं. आत यायचं न्हाई," अण्णांनी दटावलं.

तूरडाळ शिजली होती, फोडणी बसली होती. अण्णांनी बरणीतून चांगलं मूठभर मीठ घेतलं आणि ती बघत तर नाही ना म्हणून दारातून डोकावले. शिवांजली भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, कपाळावर खोकेचा वण. मोकळी पिशवी मांडीवर तशीच धरलेली. बोटांची टोकं काळी पडलेली आणि तारेनं ठिकठिकाणी टोचलेली. या पोरीला दुपारी निजलेली त्यांनी लग्नानंतर कधी पाहिली नव्हती.

मुठीत मीठ धरून अण्णा तिथं बराच वेळ उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी मूठ बरणीत मोकळी केली आणि चिमटीनं, हाताला कळलं तेवढंच, आमटीत घातलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. वरच्या फळीवरची चिनी मातीची लहान बरणी त्यांनी खाली काढली. गेल्या उन्हाळ्यात चन्नम्मांनी डंकावर उभं राहून कुटून घेतलेली मिरची-मसाल्याची चटणी होती ती. तळाला तीन चमचे उरली होती आणि सहा महिन्यांत त्यांनी तिला हात लावला नव्हता. आज ती सगळी खरवडून आमटीत टाकली.

पहिल्या घासालाच शिवांजली थांबली. तिचे डोळे भरून आले. "अण्णा, ही अव्वाच्या हातची चव हाय."

चटणी कुणाची ते अण्णांनी सांगितलं नाही. "खा, गार होतंय," म्हणाले. तिनं दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी अर्धी घेतली. हात धुऊन आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता.

"मला लई घोर लागला होता तुमचा," ती म्हणाली. "आज सुटलो बघा." निघताना तिनं पर्समधून किल्ली काढून टीव्हीवर ठेवली. "ही तुमच्याकडंच असू दे. माझ्याकडनं कुठंतरी पडायची. दिवाळीला पोरांस्नी घेऊन येतो."

"ये की," अण्णा म्हणाले.

गुरुवारी त्यांनी कागद समोर ठेवून आमटी केली. चारानं भागायचा कंटाळा आला, म्हणून चौघांचीच केली. बारा वाजले तसे उगीचच दाराकडं कान लागले. साडेबाराला फोन वाजला.

"जेवलासा?" शिवांजलीनं विचारलं. मागं घुंगरांचा आवाज येत होता. काम चालूच होतं.

"बसलोय. खरं आमटीत मीठ लई पडलंय बघ," अण्णा म्हणाले. "पार खारट झालीया. घशाखाली उतरंना."

पलीकडं घुंगरं थांबली. अण्णांनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून धरला.

आणि शिवांजली खळखळून हसली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. "मग बटाटा टाका की सोलून! मॅडमनी शिकवलं न्हाई व्हय?"

"शिकवलंय की."

"मग झालं तर! तुम्हाला सगळं येतंय आता, अण्णा. ठेवू?"

"ठेव."

आमटी शेगडीवर होती. अण्णांनी पळीनं थोडी हातावर घेऊन चाखली. मीठ चवीपुरतं होतं, कणभर कमी नाही की जास्त नाही. त्यांनी टोपलीतला एक बटाटा घेतला, सोलला आणि आमटीत सोडला.