नगाऱ्याचं काळीज

"हा असा गप्प का गं?" किग्गुंडूजज्जांनी नगारा कलता करून पुन्हा एकदा हलवला आणि लाकडाला कान लावला.

नामुलेमे गुडघे टेकूनच बसली होती. कंपालातल्या एका छोट्या म्युझियममध्ये ती जुन्या वस्तूंची डागडुजी करायची. तिथे मोठे साहेब आले तरी ती नुसती मान हलवायची; पण कुळातल्या थोरांपुढे गुडघे टेकायचे म्हणजे टेकायचेच. जज्जा म्हणजे तिचे चुलत आजोबा, कुळाचा नगारा वाजवण्याचा मान त्यांचा. त्यांचा थोरला भाऊ वारला होता. उद्या त्याच्या जागी वारस बसवायचा, आणि हा नगारा वाजल्याशिवाय कुळाचं सुतक फिटत नाही. काचेत ठेवलेला नगारा एका दिवसासाठी मिळावा म्हणून नामुलेमेने साहेबांचे उंबरठे झिजवले होते.

"गप्प कुठला, जज्जा? नवं कातडं मी स्वतः चढवलंय. जुनं किड्यांनी पार चाळण केलं होतं. थाप मारून तर बघा!"

"थापेचं नाही बोलत मी. आत काही खुळखुळत नाही."

"आतला कचरा काढला ना!" शाबासकी मिळणार अशा थाटात ती सांगत सुटली. "चिंधीत काहीतरी गुंडाळलेलं, त्यावर उंदराच्या लेंड्या. शी! सगळं खरवडून, पुसून..."

जज्जांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि ती थांबली.

नगारा करणारा शेवटचं कातडं ताणण्याआधी आत काहीतरी ठेवतो. काय ठेवलं, ते बायकोलाही सांगत नाही. तेच नगाऱ्याचं काळीज. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. नामुलेमे शहरात वाढली. लाकूड कुठलं, कातडं कुठलं, सगळं तिला तोंडपाठ होतं, पण हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"कुठे टाकलंस?"

"कचऱ्यात. जाळलासुद्धा असेल. मागच्या वर्षीची गोष्ट, जज्जा." तिला रडू फुटलं. "दुसरं ठेवू या ना! तुम्ही सांगाल ते. आत्ता उसवते."

"काय सांगू? आत काय होतं ते मला तरी कुठं ठाऊक आहे?" ते कडाडले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण म्हातारा नुसता दमल्यासारखा बोलत होता. "माझ्या आजाच्या आधीपासूनचं होतं गं ते."

"उद्या तसाच वाजवा. कुणाला कळणार आहे? मी जन्मात तोंड उघडणार नाही."

"मला कळेल की. आणि थोरला मातीत पडलाय, त्याला काय सांगू?"

"मग सुतक?"

"राहील."

समारंभासाठी म्हणून जज्जांनी खांद्यावरून झाडाच्या सालीचं तांबूस वस्त्र घेतलं होतं. त्यांच्यात मेलेल्या माणसाला याच कापडात गुंडाळतात. त्यांनी ते उतरवलं, नगाऱ्याला नीट चारी बाजूंनी लपेटलं आणि गाठ मारली.

"ऊठ पोरी," ते म्हणाले, "पायाकडून तू धर."

दोघांनी मिळून तो पुन्हा काचेत ठेवला.