तिसऱ्या मजल्यावरचा घोडा

मनकवडे बाबांच्या तळघरात मी पहिल्यांदा उतरलो, तेव्हा आतल्या खोलीतून एक धिप्पाड माणूस रडत बाहेर येत होता. अंगात कोट, पायात चकचकीत बूट. त्यानं समोर दिसेल त्याचा दंड धरला आणि सांगत सुटला, "घर विकायचं माझ्या मनात आहे, हे माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. मी तोंड उघडायच्या आत यांनी सांगितलं." खुर्च्यांवर बसलेली शंभरेक माणसं एकमेकांकडे बघू लागली. पाठोपाठ एक मुलगी आली. तिला शिकायला परदेशी जायचं होतं आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. तेही बाबांनी ओळखलं होतं. मग काय विचारता, जो तो उभा राहून आत डोकावायला लागला आणि बाबांचा सेवक "बसा, बसा, सगळ्यांचं होणार आहे" म्हणत लोकांना खाली दाबत फिरू लागला.

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. दिवसभर माणसांना विचारतो, हे स्पष्ट दिसतं की ते? त्यामुळे काहीच न बघता ज्याला सगळं दिसतं, त्याच्याबद्दल मला मुळातच राग आहे. मी तिथे गेलो होतो फक्त ताईला घरी आणायला.

ताई माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून आमच्याकडेच असते, तिसऱ्या मजल्यावर, आणि पुढच्या खोलीत पाळणाघर चालवते. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत अकरा पोरं तिच्या अंगाखांद्यावर. शेजारणीनं आग्रह केला म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ती बाबांकडे गेली. आतून बाहेर आली ती पांढरीफटक पडलेली. वाटेत मी चार टोमणे मारले. तिनं एकालाही उत्तर दिलं नाही. ताई आणि उत्तर देत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, दुकानात फोन आला. रुग्णालयातली बाई बोलत होती.

"तुमच्या बहिणीनं तपासणी रद्द केलीय. दुसरा नंबर म्हणून तुमचा दिला होता. डॉक्टर म्हणतात, छातीतली गाठ आहे, लांबवू नका. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत हो म्हणालात तर सोमवारची जागा ठेवते. ती गेली तर दीड महिना थांबावं लागेल."

कसली गाठ? हातातलं भिंग मी खाली ठेवलं की फेकलं, आठवत नाही. घरी पोहोचलो तेव्हा शेवटचं पोर आईच्या कडेवर बसून निघत होतं. दार लागताच मी तोंड सोडलं. ताई ऐकून घेत खेळणी टोपलीत भरत राहिली.

"झालं का ओरडून?" ती शेवटी म्हणाली. "बाबांनी सांगितलंय, सुरी लावून घ्यायची नाही, सुई नाही. एक्केचाळीस दिवस त्यांनी दिलेलं पाणी प्यायचं."

"त्यांना काय डोंबल कळतं?"

"मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला नाही, हिला नाही. त्यांना कळलं. आता बोल."

'ही' म्हणजे माझी बायको. इंटरनेटच्या कंपनीत आहे, घरोघरी वायरी टाकते, सगळा मोहल्ला तिला वायरवाली म्हणतो. ती खांद्यावर शिडी घेऊन आली आणि आमचा अवतार बघून दारातच थांबली. मी सगळं एका दमात ओकलो. मला वाटलं, आता तीही ओरडेल. तिनं शिडी भिंतीला लावली, ताईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि वायर पडताळताना विचारावं तसं विचारलं, "ताई, बाबा नेमके काय म्हणाले? शब्द न् शब्द सांगा."

ताईनं डोळे मिटले. "म्हणाले, तू छातीत काहीतरी लपवलंस. घरच्यांपासून लपवलंस. तुझं मन एका रुग्णालयाच्या दाराशी घुटमळतंय."

"आणि गाठ? गाठ कोण म्हणालं?"

ताईनं डोळे उघडले. "मी म्हणाले बहुतेक. रडत होते ना मी."

"आत जाण्याआधी बाहेर किती वेळ बसला होतात?"

"दोन तास."

"काय करत होतात?"

"काय करणार? बसले होते. फोन होता हातात."

"तळघरात रेंज येते?"

"कुठली रेंज. त्यांचं वायफाय आहे की, फुकट. सुरुवातीला नाव आणि टोकनचा नंबर भरायचा, म्हणजे आपली पाळी कधी ते कळतं."

माझ्या बायकोनं कमरेची पक्कड काढून जमिनीवर ठेवली. "आणि त्या फोनवर काय बघितलंत?"

"त्या रुग्णालयाचंच पान," ताई खालच्या आवाजात म्हणाली. "तपासणीची सुई केवढी असते ते बघत होते. घरी फोन हातात घेतला की एक पोर त्यावर चढतं. तिथे निवांत होते." मग तिच्या लक्षात आलं आपल्याला कुठे नेलं जातंय, आणि ती फणकारली, "तू वायरी ओढतेस म्हणून तुला सगळीकडे वायरीच दिसतात. फोनला विचारलं म्हणजे काय कुणाला सांगितलं होतं का मी?"

इथेच सगळी मेख होती. ताईच काय, आपण सगळेच फोनला माणसात धरत नाही. त्याला विचारलेलं आपल्याला मनातल्या मनातच ठेवल्यासारखं वाटतं.

बायकोनं पोरांच्या चित्रकलेच्या कागदातला एक कागद ताईपुढे ठेवला. "तुमचा प्रश्न यावर लिहा. पाकिटात घाला, पाकीट बंद करा. बाहेर रुग्णालयाचं नाव." ताईनं कुरकुरत लिहिलं. "आता ते यांच्याकडे द्या. अहो, तुम्ही वायफायची पेटी आहात."

मी पेटी झालो. पाकीट हातात घेऊन म्हणालो, "पुढे?"

"पुढे तुम्हाला रुग्णालयाचं पान कुठे आहे तेच ठाऊक नाही. यंत्राला नाव कळत नाही, आकडे कळतात. म्हणून आधी पत्त्यांच्या वहीला विचारायचं, या नावाचा आकडा काय. तशा वह्या ठेवणारी यंत्रं वेगळी असतात. आकडा मिळाला की पाकीट पुढच्या पेटीकडे, तिथून पुढच्या, कधी जमिनीखालच्या वायरीतून, कधी समुद्राच्या तळातून."

"एवढं मोठं पान एका पाकिटात मावतं?" ताईनं विचारलं. न विचारता तिला राहवत नाही.

"नाही मावत. तुकडे करतात, तुकड्यांवर नंबर घालतात. एक इकडून जातो, एक तिकडून. दुसऱ्या टोकाला एक कॉम्प्युटर सदा जागा बसलेला असतो, रुग्णालयाची पानं त्याच्याकडे. तो उत्तर पाठवतो, तेही तुकड्यांत, आणि तुमचा फोन ते जुळवून पान दाखवतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. यंत्रं आणि वायरी यांचं जे जाळं, ते इंटरनेट. त्या जाळ्यावरून आपण जी पानं उघडतो, ते वेब. आकाशात काही नसतं, ताई. रोज मी शिडीवर चढते ना, वर मला फक्त वायरी आणि कबुतरं दिसतात."

मी पाकीट उजेडात धरून बघितलं. "पण आतलं तर मला दिसत नाही."

"नाहीच दिसणार. पानाच्या नावापाशी कुलपाची खूण असते, तेव्हा पाकीट बंद असतं. बाहेरचं नाव मात्र दिसतं. आणि पहिली पेटी ज्याची, त्याला ते सगळ्यात आधी दिसतं. तळघरातली पेटी कुणाची?"

ताईनं माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघितलं.

"बाबांना सुई दिसली नाही, गाठ दिसली नाही," बायको म्हणाली. "तुमच्या टोकनपुढे फक्त रुग्णालयाचं नाव दिसलं. आणि त्या रुग्णालयाच्या नावातच स्तनांचे आजार आहेत. घर विकणाऱ्यानं घरं विकायचं पान उघडलं असेल, त्या मुलीनं कॉलेजचं. दोन तास उगाच बसवत नाही कुणी."

ताईनं पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं. "हे तुझं म्हणणं. त्यांची शक्ती खरी असली तर?"

"असू शकते. उद्या विचारू. तुम्ही मनात गाठच ठेवा, अगदी घट्ट. पण फोनला खोटं सांगा. ज्याचा तुमच्याशी कधी काडीचा संबंध आला नाही असं काहीतरी. मन वाचत असतील तर गाठीबद्दल बोलतील. मग तुम्ही पाणी प्या, मी एक शब्द बोलणार नाही."

मी बायकोकडे बघितलं. ही काय बोलतेय? ते चुकून गाठीबद्दल बोलले तर? पण ताईची मान हलली होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला कुणी आज्ञा केली नव्हती, पारखायला सांगितलं होतं.

"घोडा," ती विचार करून म्हणाली. "घोड्याला मी आयुष्यात हात लावलेला नाही."

शनिवारी आम्ही दुपारी एकला तळघरात बसलो. पाचची वेळ माझ्या डोक्यात टिकटिक करत होती. ताईनं नाव भरलं, टोकनचा नंबर भरला आणि घोड्यांच्या दवाखान्याचं पान उघडलं. मग दुसऱ्या दवाखान्याचं. मग घोड्यांचे नाल विकणाऱ्या दुकानाचं. डावा हात मात्र तिनं छातीशी धरून ठेवला होता. दोन वाजले. अडीच. मी दोनदा उठून जिन्यापर्यंत जाऊन आलो. बायको छताजवळच्या फळीकडे बघत होती. तिथे पडद्याआड एक पेटी लुकलुकत होती. "दोन वायरी निघाल्यात," ती माझ्या कानाशी म्हणाली. "एक रस्त्याकडे जाते. दुसरी भिंतीतून आत कशाला जातेय?"

तीनला पाळी आली. खोलीत मंद दिवा. बाबा गुबगुबीत, आवाज मात्र असा की झोपच यावी. पुढ्यात लाकडी घोडीवर एक जाडजूड ग्रंथ उघडा, आमच्याकडे त्याची पाठ. ग्रंथ वाचताना बाबांच्या नाकावर निळसर उजेड पडत होता. कागदाचा उजेड पडत नाही, हे भिंगं घासणाऱ्याला कळतं.

"ये," बाबा म्हणाले. "पाणी घेतेस ना? घे. ब्रह्मांडाच्या लहरी त्यात उतरल्यात. मला सगळं ऐकू येतं. शब्दांच्या आधीचं ऐकू येतं." त्यांनी ग्रंथाचं पान उलटलं, पण पानाचा आवाज झाला नाही. "आज मात्र तू स्वतःसाठी आलेली नाहीस."

ताईचे ओठ हलत होते. गाठ, गाठ, गाठ. मला दिसत होतं.

"मुका जीव आहे," बाबांनी डोळे मिटले. "चार पायांचा, मोठा. त्याच्या खुरांत वेदना आहे. घरातल्यांना कळत नाही, पण त्याची तुझ्यावर माया आहे. हेच पाणी त्याच्या पायांवर घाल."

मी हसू दाबायला खोकलो. ताई हसली नाही. ती बाबांकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी तिसऱ्या मजल्यावर राहते."

बाबांनी डोळे उघडले.

"घोडा कुठे ठेवू? बाथरूममध्ये? आत्ता माझ्या मनात एकच गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला दिसत नाही. सहा दिवस मी तुमच्या शब्दावर घालवले." तिनं पुढे होऊन ग्रंथ फिरवला. मधली पानं चौकोनी कापली होती आणि खाचेत पडदा बसवला होता. त्यावर रांगच्या रांग. टोकनचा नंबर, नाव, पुढे पानांची नावं. ताईच्या नावापुढे घोड्यांचे दोन दवाखाने आणि नालांचं दुकान.

सेवक धावत आला, पण शिडी उचलणाऱ्या बाईच्या हाताला किती जोर असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोनं त्याला दारातच थोपवलं. ताई ग्रंथासकट बाहेर आली आणि खुर्च्यांवरच्या लोकांना म्हणाली, "ज्यांनी ज्यांनी इथे बसून फोनवर काही उघडलं, त्यांनी या आणि आपापलं नाव वाचा."

आधी कुणी उठेना. मग एक म्हातारे गृहस्थ आले, चष्मा पुसून त्यांनी आपली रांग वाचली आणि मान खाली घातली. त्यांच्यामागून दहा-बारा जण आले. सगळ्यांनाच पटलं असं मी म्हणणार नाही. एक बाई जाता जाता म्हणाली, बाबांना यंत्रातूनही लहरी येत असतील. तिला काय सांगणार? पण पुढच्या आठवड्यात तळघरातली पेटी निघाली आणि बाबांची दृष्टी एकदम अधू झाली. त्यांना पोटदुखी, कटकट आणि शत्रूची नजर एवढंच दिसायला लागलं.

पाचला वीस मिनिटं असताना रस्त्यावर उभं राहून ताईनं रुग्णालयाला फोन केला.

त्या बाबाचा मला राग आहेच. पण एक गोष्ट मला छळते. चोरून का होईना, तो तिच्याकडे बघत तरी होता. आम्ही एकाच छपराखाली राहून तिला शब्दानं विचारलं नाही. म्हणून हात जोडून सांगतो. आपण फोनला काय विचारतो आणि ते कुणाच्या हातून जातं, हे समजून घ्या. ते अवघड नाही, ताईला एका संध्याकाळी कळलं. चमत्कार दिसला तर रडण्याआधी एकदा पारखून बघा. आणि दुखणं असेल तर त्यातलं ज्याला कळतं त्याला सांगा, तोंडानं सांगा.

सोमवारी आम्ही तिघं रुग्णालयात बसलो होतो. भिंतीवर तिथल्या वायफायचं नाव लिहिलेलं होतं. ताईनं सवयीनं फोन काढला, क्षणभर बघितला आणि पर्समध्ये टाकला. नर्स यादी घेऊन जवळ आली तेव्हा ताईनं तिचा हात धरला.

"बाई, मला फार भीती वाटते. सुई केवढी असते?"

नर्स शेजारच्या खुर्चीवर बसली आणि बोटांनी माप दाखवत म्हणाली, "एवढी. थोडं दुखेल. कधी दुखेल ते मी आधी सांगत जाईन."