पाचव्या गच्चीवरचा मी

मी सौर पॅनल बोलतोय, पण लगेच विश्वास ठेवू नका. मी स्वतः बऱ्याच खोट्या फोटोंत उभा राहिलोय.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, एक हक्काचं घर मिळेल. मिळाल्या चार गच्च्या. योजना अशी : गच्ची घरमालकाची, पॅनल कंपनीचे, मालकाला वीज निम्म्या दरात आणि दर गच्चीमागे कंपनीला सरकारी अनुदान. तपासणीचे साहेब येत, समोरून फोटो काढत. फोटोत तोंड दिसतं, नंबर असतो पाठीवर. पहिल्या, शिंप्याच्या गच्चीच्या अर्जात माझा खरा नंबर होता; पुढे कंपनी दरवेळी नवा लिही. दोन दिवसांनी ‘बिघाड’ सांगून आम्हाला उतरवत आणि टेम्पोत घालत. माझ्या विजेवर एकाही घरात दिवा लागला नाही.

पाचवी गच्ची इस्त्रीवाल्या बाईंची. खाली दुकानात तीन इस्त्र्या दिवसभर तापलेल्या. कमाईचा मोठा घास वीजबिल खाई. पण करार वीस वर्षांचा, तोवर गच्चीवर खोली चढवायची नाही. माहेरी परतलेल्या लेकीसाठी बाईंना ती खोली हवी होती.

दीर मागे लागला. “वहिनी, करा सही. फुकट ते पौष्टिक.”

“फुकटचं पचायला जड जातं, भाऊजी.”

फिटरनं नट आवळले, साहेबांनी फोटो काढला, करार पुढे आला. बाई मात्र वाकून माझ्या खाली शिरल्या. चौकटीवर नटांच्या गोल खुणा होत्या, एकीवर एक घासलेल्या.

“हा कपडा अंगाला लागून आलाय,” त्या म्हणाल्या. “घडी मोडलेली मला कळते. साहेब, याच्या पाठीवरचा नंबर करारात लिहा.”

फिटर हसला. “ताई, नंबर ऑफिसात घालतात.”

“मग सहीही ऑफिसच करेल.”

साहेबांनी नाइलाजानं नंबर मोबाइलवर योजनेच्या नोंदीत शोधला आणि मोबाइल खिशात सरकवला.

“काय निघालं? मोठ्यानं वाचा की.”

“हा... शिंप्याच्या गच्चीवर लागलाय. आठ महिन्यांपूर्वी.”

दीर पायऱ्यांकडे बघत राहिला. फिटर टेम्पोकडे गेला तो परत आलाच नाही. साहेबांना खरंच ठाऊक नव्हतं का? त्यांनी आधीच्या दोन गच्च्यांवरही माझे फोटो काढले होते, पाठ एकदाही पाहिली नव्हती.

आता माझ्यावर सील आहे : ‘चौकशी होईपर्यंत हलवू नये.’ सहा महिने झाले. मी ऊन पितो आणि ते वाया जातं. लेक अजून दुकानातच कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये झोपते. गच्ची करारातून सुटली, पण माझ्याखालून सुटली नाही.

काल दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. “ताई, आमची योजना वेगळी आहे. सरकारनं नियम बदललेत.”

बाईंनी हातातली इस्त्री थांबवली नाही. “असतील बदललेले. आधी त्या गच्चीवरच्या पॅनलवर माझी एक इस्त्री तापवून दाखवा. मग बोलू.”

तो बघतो म्हणाला आणि गेला. नियम करणाऱ्यांनो, माझं मागणंही तेवढंच आहे.