नवाईआधीचं कणीस

“थुंक, यामे. गिळू नको. थुंक.”

बांधाच्या पलीकडून आलेली ती हाक पंचवीस वर्षं झाली तरी यामिनीच्या कानातून गेली नव्हती. सात वर्षांची होती ती तेव्हा. मोलगीच्या वरच्या अंगाला, दोन नाले ओलांडले की त्यांचा पाडा आणि पाड्याच्या उतारावर मका. कणसांना तांबूस झिपऱ्या सुटलेल्या. पोरीनं एक कणीस मोडलं, हिरवी सालं दातानंच सोलली आणि चावा घेतला. दूध उडालं ते थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत. आणि तेवढ्यात ती हाक.

आईनं मारलं नाही. रूपलीबाईला मारणं जमतच नसे. तिनं पोरीची हनुवटी धरली, बोट घालून दाणा न् दाणा बाहेर काढला, नाल्यावर नेऊन तीनदा चूळ भरायला लावली. मग तिला कडेवर घेऊन गुणगुणत घरी आली. त्यांच्या बोलीतल्या त्या गाण्याचा अर्थ एवढाच होता:

दाणा तुझा, याहा मोगी, आधी तुझ्या ओंजळीला
मग पाखराच्या चोचीला, मग माझ्या लेकराला

याहा म्हणजे आई. देवीला तेच नाव आणि घरच्या आईलाही तेच. नवं पीक आधी देवीच्या पानावर पडायचं, त्या दिवसाला नवाई म्हणायचं आणि तोवर शेतातल्या दाण्याला कोणी तोंड लावायचं नाही. या नवाईला पंचांगात तिथी नाही. पीक भरलं, पुजाऱ्यानं सांगितलं, पाड्यातल्या घरांनी होकार दिला की तो दिवस ठरतो. खालच्या पाड्याची नवाई झाली तरी वरच्याची बाकी असते. त्या दिवशी घरातली थोरली बाई उपाशी तोंडानं पहिला दाणा पानावर ठेवते. सासू गेल्यापासून चाळीस वर्षं ते काम रूपलीबाईचं होतं.

यामिनीनं तो घास गिळला नव्हता, म्हणूनच बहुतेक त्याची चव कधी संपली नाही. आश्रमशाळेत, कॉलेजात, वसतिगृहाच्या पातळ डाळीतही ती जिभेच्या मागे कुठंतरी दडून होती. आणि शेवटी तीच चव तिच्या पोटापाण्याला आली.

कारण आता माणसांच्या ताटातलं बरंच काही टाकीत वाढत होतं. नंदुरबारच्या औद्योगिक वसाहतीत उंच पोलादी टाक्या उभ्या होत्या आणि त्यांतून रोज पांढरा लगदा निघे, ना वास ना चव. तो लगदा आणि चवीची एक कुपी यंत्रात घातली की यंत्र त्याची जिलेबी करी, कोंबडीची तंगडी करी, पुरणाची पोळी करी. शहरातल्या ओट्यांवर मिक्सरच्या शेजारी ते यंत्र बसलं होतं. मोलगीच्या आठवडेबाजारातही एकानं ते जीपवर मांडलं होतं. कितीही खा, अंगाला लागत नाही, अशी त्याची जाहिरात. डोंगरातली माणसं हसत म्हणायची, मग खायचं तरी कशाला? पण हसता हसता चौथी जिलेबी उचलायची.

यामिनी या कुप्यांमध्ये चवी बसवायची. तिच्या हातची गाजलेली कुपी होती ‘कोवळा मका, शेतात भाजलेला’. जळलेल्या झिपरीचा धूर, दाण्यातलं दूध, किंचित करपलेपण, सगळं त्यात होतं. ज्या चवीसाठी आईनं तिला तीन चुळा भरायला लावल्या, तीच तिनं गावोगाव वाटायला काढली होती. रोज संध्याकाळी ड्यूटी संपली की ती खोलीवर येऊन यंत्रातून एक वाटी दाणे काढायची. मग दुसरी, मग तिसरी. पोट जड होत नसे, म्हणून थांबायला कारण सापडत नसे. शेवटची वाटी रिकामी झाली की तिला उगाचच कोणी पाहिल्यासारखं वाटे आणि ती न्हाणीत जाऊन चूळ भरून येई.

या श्रावणात रूपलीबाईला तापानं धरलं. भाऊ नवलसिंगनं तिला जीपमध्ये घालून नंदुरबारला आणलं. ताप उतरला, दवाखान्यातून सुटका झाली, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. म्हातारी यामिनीच्या खोलीवर पडून राहिली. भात समोर धरला की मान फिरवायची. पेज दिली तर म्हणायची, लाकूड उकळलंस का गं? यंत्राचं काही द्यावं तर तिनं आधीच बजावून ठेवलं होतं की टाकीतली घाण मला दाखवायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं, अजून दोन दिवस असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी यामिनीनं मक्याची कुपी यंत्रात घातली.

धुराचा वास खोलीभर पसरला आणि खाटेवरची म्हातारी उठून बसली. चार दिवसांत पहिल्यांदा. यामिनीनं वाटी पुढं केली, दादानं घरून पाठवलाय म्हणाली. रूपलीबाईचा हात वाटीपर्यंत आला आणि चटका बसल्यासारखा मागं गेला.

“नवाई झाली का?”

खरं सांगायचं तर हा मका मकाच नव्हता. पण ते सांगितलं असतं तर वाटी तशीच राहिली असती. यामिनी म्हणाली, “झाली.”

“आपल्या पाड्याची?”

“आपल्याच. जामसिंगकाकांचा फोन होता.” जामसिंगकाका पाड्याचे पुजारी.

म्हातारीनं मग हळूच विचारलं, माझ्यावाचून दाणा कोणी ठेवला? वहिनीनं ठेवला, यामिनी म्हणाली. एक खोटं बोललं की पुढची आपोआप पायापाशी येऊन बसतात. रूपलीबाईनं पदराच्या टोकानं डोळे टिपले, एक दाणा कपाळाला लावला आणि खायला लागली.

खायला लागली ती थांबेचना. दोन वाट्या त्या दिवशी, चार दुसऱ्या दिवशी. बोटं चाटायची, लाजायची आणि परत वाटी पुढं करायची. अशी चव तिच्या जन्मात लागली नव्हती, देवी यंदा खूश आहे म्हणायची. मक्याच्या पाठोपाठ पेज जाऊ लागली, भात जाऊ लागला. दहा दिवसांत गालांवर तकाकी आली आणि एका सकाळी ती परत गुणगुणायला लागली. दाणा तुझा, याहा मोगी. यामिनी दारातच उभी राहिली. तिला आत जाववेना.

प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर कळसाडीचा हेमकांत बसे. सपाटीवरचा, ऊसकापसाच्या घरातला, मनाचा मोकळा. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याला त्यात काळजी करण्यासारखं काही दिसलं नाही.

“त्यामा दाना बी नही शे, मंग पाप कसानं? तुन्ही माय जेवनी ना?”

खरंच तर होतं. त्यात मक्याचा एक दाणाही नव्हता. म्हणजे आईचं तोंड अजून स्वच्छच. या हिशेबावर यामिनीनं तो दिवस काढला. पण आईनं दाणा कपाळाला लावला होता, तो कुठल्या हिशेबात बसवावा ते तिला कळेना.

रूपलीबाई पाड्यावर परत गेली. चौथ्या दिवशी नवलसिंगचा फोन आला. त्याचा आवाज बसलेला होता. याहानं आज शेतातली पाच कणसं मोडून आणली, चुलीत घातली, पोरांना हाका मारल्या, म्हणाला. वहिनीनं, शीलानं, धावत जाऊन कणसं ओढून काढली म्हणून बरं. नवाई अजून ठरलीसुद्धा नाही. आणि याहा म्हणते झाली, यामीनंच सांगितलं.

“तू सांगितलंस का गं असं काही?”

शेजारी हेमकांत बसला होता, पलीकडे साहेब उभे होते, कानाशी दादाचा घाबरलेला श्वास होता. हे सगळं खरं होतं, पण यांतलं काहीच कारण नव्हतं. तिला फक्त भीती वाटली, सात वर्षांच्या पोरीला वाटावी तशी.

“नाही रे दादा,” ती म्हणाली. “तापात काहीतरी ऐकलं असेल तिनं.”

त्या संध्याकाळी तिनं यंत्र चालू केलं नाही. दुसऱ्या दिवशी केलं आणि पाच वाट्या खाल्ल्या.

नवाई भादव्यात ठरली. यामिनी जीपनं मोलगीला उतरली, नाले ओलांडून घरी पोचली. अंगणात काकड्या धुऊन ठेवल्या होत्या, कणसांची जुडी पळसाच्या पानांनी झाकली होती. पण कुणी गात नव्हतं. दरवर्षी या दिवशी पाड्याला आवाज ऐकू येई तो रूपलीबाईचा.

ती मागच्या पडवीत शेळ्यांपाशी बसली होती. हातात सुताची दोरी, तिला गाठी मारलेल्या. शीलानं हळूच सांगितलं, त्या कणसांच्या दिवसापासून रोज सकाळी एक गाठ मारतात, दिवस चुकू नये म्हणून. जेवल्यावर विचारतात, मी जेवले का गं? ओळी विसरतील म्हणून गात नाहीत. जामसिंगकाका पुजारी म्हणाले की डोकं ठिकाणावर नसलेल्या बाईच्या हातून दाणा नको, यंदा सुनेनं ठेवावा. त्या बरोबर आहे म्हणाल्या.

यामिनी आईजवळ जाऊन बसली. रूपलीबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग इकडंतिकडं बघून, चोरट्या आवाजात विचारलं:

“यामे, तुझ्याकडे होते तेव्हा मी काय खात होते गं?”

“पेज,” यामिनी म्हणाली. “आणि भात.”

“पेज,” म्हातारीनं मान हलवली. “मला मका आठवतो. इथं, जिभेवर आहे अजून. जिभेनंच असं खोटं सांगायला लागावं, म्हणजे बघ.” आणि ती हसली. लेकीला वाईट वाटू नये म्हणून हसली. दोरीवरची शेवटची गाठ तिनं चाचपून पाहिली, आहे की नाही म्हणून.

यामिनी उठून अंगणात आली. हेमकांतचं म्हणणं तिला आठवत होतं. दाना बी नही शे. नव्हताच दाणा. दाण्याविषयी आता प्रश्नच नव्हता. आईच्या डोक्यात चाळीस वर्षांची नवाई, ऋतू, गाणी, बियाणं, कुणाच्या लग्नाला किती पाऊस होता ते सगळं जिथल्या तिथं होतं, आणि त्या भरल्या घराला बाहेरून कडी घालून यामिनीच निघून आली होती.

ऊन वर आलं. पाड्यातली माणसं जमली. सागाच्या पानावर काकडीचे काप, नवी भगर, सोललेली कणसं. जामसिंग पुजाऱ्यानं जमिनीवर मोहाच्या दारूची धार सोडली, पूर्वजांची नावं घेतली. शीला नवं लुगडं नेसून पानासमोर बसली. सासूच्या जागेवर बसताना ती अवघडली होती, सारखी मागं वळून पडवीकडे पाहत होती. रूपलीबाई तिथंच शेळीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती, पाहुणी आल्यासारखी.

दाणा ठेवण्याआधी पुजारी दरवर्षी एकच प्रश्न विचारतो. आजवर त्याचं उत्तर म्हणजे शांतता.

“कुणाचं तोंड उष्टं आहे का?” जामसिंगनं विचारलं.

 नवलसिंगनं पोरांना गप्प केलं. जामसिंगनं शीलाला खूण केली, तेवढ्यात पडवीतून आवाज आला.

“मला वाटतं, माझं आहे,” रूपलीबाई म्हणाली. “पण माझ्या वाटण्याला आता तुम्ही काय धरता.”

मागं बसलेलं कुणीतरी हसलं. म्हातारी भरमली, असं कुणीसं पुटपुटलं. नवलसिंग मान खाली घालून म्हणाला, काका, तुम्ही चालू द्या. रूपलीबाईनं हात जोडले, चुकलं चुकलं म्हणाली, आणि दोरी मुठीत घट्ट धरून भिंतीकडे सरकली.

शीलानं दाणा उचलला.

“थांब, वहिनी,” यामिनी म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. तिला वाटत होतं, कुणी हनुवटी धरावी, बोट घालावं, अडकलेलं सगळं बाहेर काढावं. पण जी ते करायची ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. यामिनी माणसांतून वाट काढत पडवीत गेली आणि आईसमोर जमिनीवर बसली. बोलली मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“याहाचं डोकं जागेवर आहे. तिला आठवतं ते खरं आहे. मका मीच खाऊ घातला तिला, टाकीतला, यंत्रावर केलेला. दहा दिवस. घरचा आहे म्हणून सांगितला.” तिनं श्वास घेतला. “दादा, तू फोनवर विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. आजही बोलले, आत्ता, शेळ्यांपाशी.”

रूपलीबाईची मूठ हळूहळू सैल झाली. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

“तू खायला तयार नव्हतीस, याहा. हात मागं घेतलास. नवाई झाली का, विचारलंस. आपल्या पाड्याची झाली का, म्हणून परत विचारलंस. मी ‘झाली’ म्हणाले.”