निळ्या कागदाचं उत्तर

मार्चमध्ये आलेल्या पत्राला सिनेटर ऑर्लिन स्कारने नोव्हेंबर उजाडला तरी उत्तर दिलं नव्हतं. पत्र कसलं, पंज्याएवढा निळा कागद. सिनेटच्या न्याय समितीने विचारलं होतं की, तुमच्या राज्यातल्या रिकाम्या न्यायाधीशपदासाठी राष्ट्राध्यक्षांनी बर्गिट होवलंड यांचं नाव सुचवलं आहे. तुमची संमती आहे की हरकत? खाली दोन चौकोन. एकात खूण करायची आणि सही करून परत पाठवायचं.

नॉर्थ डकोटाच्या दुसऱ्या सिनेटरने आपला कागद केव्हाच पाठवला होता. पण रीत अशी की दोघांचेही कागद आल्याशिवाय सुनावणी होत नाही. त्यामुळे नाही म्हणण्याचीसुद्धा गरज नसते. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं की नाव आपोआप कुजतं.

"हरकत कशाला घेतोस?" पक्षाचे नेते डेल प्रूइट फोनवर हसत म्हणाले होते. "हरकत घेतलीस की पेपरवाले कारण विचारणार. तू आपला कागद हरवल्यासारखा वाग. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष आपला आला की ती खुर्चीही आपलीच."

"बाई चांगली आहे, डेल."

"चांगली आहे म्हणूनच तर काळजी! वाईट असती तर मीच खुर्चीवर बसवली असती, नाचक्की त्यांचीच."

न्यायाधीश कोणाच्या पक्षाने नेमला हे निकाल वाचून ओळखू यायला लागलं तर न्यायालय कशाला हवं, असं ऑर्लिन वीस वर्षं भाषणांत सांगत आला होता. त्याला ते मनापासून वाटायचंही. पण मंगळवारचं पक्षाचं जेवण होतं ना. बायको, व्हर्ना, गेल्यापासून आठवड्यातलं तेवढंच एक जेवण तो माणसांत बसून जेवायचा. मागच्या वर्षी पश्चिमेकडच्या एका सिनेटरने विरोधकांच्या न्यायाधीशाला मत दिलं. त्याच्याशी कोणी भांडलं नाही. पुढच्या मंगळवारी त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या राहिल्या. तो बराच वेळ घेवड्याचं सूप नुसतं ढवळत बसला होता. ऑर्लिनही आपला वाडगा उचलून दुसऱ्या टेबलाशी गेला होता.

कागद बॅगेत घेऊनच तो शनिवारी गावी आला. चर्चच्या तळघरात लुटफिस्कचं वार्षिक जेवण होतं. त्या थलथलीत माशाचा वास जिन्यापर्यंत आला होता. वाढपाची सूत्रं नेहमीप्रमाणे अर्लीसबाईंकडे.

"या सिनेटर. वॉशिंग्टनने पोट वाढवलेलं दिसतंय. डोक्याचं काही जमलं का?"

"अजून प्रयत्न चालू आहेत, अर्लीस."

तो कोपऱ्याकडे वळला, तशी तिने त्याची बाही धरली. "एकट्याला कोपरा देत नाही मी. बसा इथे." आणि तिने त्याला नेमकं बर्गिट होवलंडसमोर बसवलं.

आठ महिने तो बर्गिटला चुकवत होता. आता तिने वितळलेल्या लोण्याचं भांडं पुढे केलं. त्याने घेतलं. बोलणं बिटाच्या पिकावर झालं, थंडीवर झालं. शेजारची माणसं आपापल्या ताटात बघत होती. त्या गावात असल्या गोष्टी कोणी कोणाला विचारत नाही.

मग ती हळूच म्हणाली, "ऑर्लिन, सोमवारी मी नाव मागे घेतेय."

"का?"

"न्यायाधीश होणार म्हणून मार्चपासून नवं अशील घेतलेलं नाही. वकिलीची कचेरी कशी चालवू? पण ते जाऊ दे." तिने काटा खाली ठेवला. "तुम्ही विचारी माणूस. इतके महिने विचार करूनही तुम्हाला हो म्हणवत नाही, म्हणजे माझ्यात काहीतरी खोट दिसली असणार. कोणती ते विचारत नाही. पण जुने खटले काढून मीच शोधत बसते."

त्याचा घास तोंडातच राहिला. आपल्या गप्प बसण्याने कोणाचं काही बिघडत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. ही त्या गप्प बसण्यात स्वतःविरुद्धचा निकाल वाचत होती.

"बर्गिट, तसं..."

"वरती लोक ताटकळलेत!" अर्लीस मागून ओरडली. "झालं असेल तर खुर्च्या सोडा, गप्पा देवाघरी गेल्यावर मारा."

बर्गिट उठून गेलीसुद्धा.

तो बाहेर आला तेव्हा ती गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. त्याने बॅग आपल्या गाडीच्या टपावर ठेवली, कागद काढला आणि संमतीच्या चौकोनात खूण केली. बोटं गारठल्यामुळे सही वाकडी आली. वॉशिंग्टनच्या कचेरीत हा कागद दिला असता, तर समितीच्या आधी प्रूइटना कळलं असतं. समितीचा पत्ता घातलेलं पाकीट त्याने जिभेने ओलं करून चिकटवलं.

"सोमवारी काही लिहू नका," तो तिच्यापाशी जाऊन म्हणाला. "खोटबिट काही नव्हती. मी घाबरलो होतो."

"तुम्ही? कशाला?"

"एकटं जेवायला."

ती खरवडायची थांबली. मग म्हणाली, "पाकिटाला तिकीट लावलंत का?"

"सिनेटरला लागत नाही. पाकिटावरची सही पुरते."

"मग टाका की."

रस्त्यापलीकडे टपालपेटी होती. मंगळवार तीन दिवसांवर होता. दोन्ही बाजूंच्या रिकाम्या खुर्च्या त्याला आत्ताच दिसत होत्या. मागे बर्फ खरवडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला नव्हता. त्याने झाकण ओढलं, पाकीट आत सोडलं, आणि ते पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच ठेवला.